थांबा, ती बोलायली

ती आमच्या पाचवीच्या वर्गात आली तेव्हा शाळा सुरू होऊन महिना उलटून गेला होता. वडिलांची नोकरी पुण्याहून हैदराबादला आलेली, घर कुकटपल्लीला, आणि शाळा मात्र आमची, मलकपेठेतली. मधल्या वाटेवर ढीगभर शाळा होत्या. काहींनी जागा नाही म्हणून सांगितलं, काहींचे पाचवीचे वर्ग दुसऱ्या मजल्यावर. आमची शाळा जुनी आणि बैठी. शिवाय आमच्या मोठ्या बाईंना 'नाही' म्हणायला इतका वेळ लागतो की तेवढ्यात समोरचा माणूस आभार मानून मोकळा होतो. तिच्या आईने तसंच केलं.

रोज मायलेकी मेट्रोने येत. मुलगी चाकाच्या खुर्चीत, वय दहा, दोन घट्ट वेण्या. तिचे हात तिचं फारसं ऐकत नसत, आणि तोंडातून आवाज निघत, हसू तर खणखणीत निघे, पण त्याचे शब्द होत नसत. शब्दांचं काम खुर्चीच्या हाताला बसवलेला एक टॅब करायचा. पडद्यावर चौकटी-चौकटींत चित्रं. बोट घसरू नये म्हणून त्यावर भोकाभोकांची प्लास्टिकची जाड पाटी. चित्रावर बोट टेकलं की मशीन तो शब्द बोलायचं. चित्र नसलेला शब्द हवा असेल तर दुसऱ्या पानावर अक्षरं होती, तिथे जाऊन एकेक अक्षर जोडायचं.

पहिल्या दिवशी मी तिला वर्गापुढे आणलं. ती बराच वेळ बोट फिरवत राहिली आणि मग मशीनमधून चाळिशीतल्या बाईचा भारदस्त आवाज आला, "नमस्कार. आपल्याला भेटून मला आनंद झाला."

वर्ग चिडीचूप. आमच्या वर्गात 'आपल्याला' हा शब्द त्याआधी कुणी वापरल्याचं मला आठवत नाही.

तिसऱ्या बाकावरून आवाज आला, "बाई, हिच्यातून बातम्या यायल्या."

ही वर्गातली सगळ्यात बडबडी पोरगी. घर मूळचं बीडकडचं, वडिलांचं इथल्या बाजारात मिरची-मसाल्याचं दुकान, त्यामुळे बोलण्यात मराठवाडा, दख्खनी आणि तेलुगू यांचा काला. मी रागवायला वळले तर नवी मुलगी अंगभर हसत होती, खुर्चीसकट. मग मलाही हसू आवरेना. मी स्वतः इथल्याच जामबागेत वाढलेली. पुण्याचे पाहुणे आले की ते आमच्या मराठीला हसायचे आणि ते गेल्यावर आम्ही त्यांच्या. त्यामुळे या दोघींची गाठ घालून द्यायचा मोह मला झाला. बडबडीला उठवलं आणि नवीच्या शेजारी बसवलं. एक बोलायची थांबत नाही, दुसरीला बोलायला वेळ लागतो, सरासरी बरी येईल असा माझा हिशोब.

पहिले काही दिवस खरी अडचण झाली ती माझीच. ती शब्द जुळवायला लागली की मला ते पुरे करून द्यायची घाई व्हायची. मास्तरकीची खोड म्हणा, किंवा बाईपणाची. एका दुपारी मी फळ्याला पाठ लावून कविता शिकवत होते. तिने अक्षरांचं पान उघडलं. मशीन म्हणालं, "पा."

"पाणी हवंय?" मी म्हटलं. "पी ना."

तिने मान हलवली, नाही. पुन्हा, "पा."

"पाय दुखतोय?"

नाही. आता तिचे डोळे मोठे झाले होते आणि बोट घाईने चुकीच्या भोकात जात होतं.

"पाठ? कालचा पाठ राहिला का?"

एव्हाना सगळा वर्ग मदतीला धावला. पापड, पान, पास, पाऊस. एकाने पाकिस्तान सुचवलं. शेजारची बडबडी मात्र तोंडावर हात ठेवून टॅबकडे बघत होती. तीच शेवटी ओरडली, "बाई, गप बसा की, ती बोलायली."

मी गप्प बसले. मशीन अत्यंत शांतपणे म्हणालं, "पाल."

आणि पाल फळ्याच्या वरच्या कडेवरून माझ्या खांद्यावर, खांद्यावरून उघड्या हजेरीवर पडली. पुढचं वर्णन नको. अर्धी मुलं तेलुगूत "बल्ली, बल्ली" करत बाकांवर, मी खुर्चीवर, आणि ती मात्र जागच्या जागी आनंदाने चित्कारत होती.

त्या दिवसापासून वर्गात एक नियम झाला. तिचं बोट फिरायला लागलं की कुणी बोलायचं नाही, अंदाज करायचा नाही, आणि तिच्या पडद्यात डोकावायचंही नाही. मुलांनी तो माझ्यापेक्षा बरा पाळला. माझं तोंड उघडतंय असं दिसलं की तिच्या शेजारून "थांबा, ती बोलायली" असा हुकूम सुटे. एकदा मोठ्या बाई व्हरांड्यातून जाताना आमच्या दाराशी थबकल्या. पाचवीचा वर्ग आणि टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. त्यांनी मला बाहेर बोलावून हळूच विचारलं, "मारलं-बिरलं नाही ना कुणाला?"

सगळं सुरळीत चाललंय असं वाटत असतानाच भांडण झालं. तिच्याकडे सशाच्या आकाराचं सुगंधी खोडरबर होतं. शेजारणीने ते मागून घेतलं आणि परत केलं तेव्हा सशाला एकच कान. "आधीच तुटला होता," शेजारीण म्हणाली आणि पाठ फिरवून दुसऱ्या मैत्रिणीशी बोलायला लागली.

आता उत्तर द्यायचं तर कसं. भांडण हा वेळेचा खेळ आहे. अक्षरं जुळवून 'खोटं बोलतेस' म्हणेपर्यंत समोरची डबा खाऊन हात धुऊन येईल. म्हणून तिने तयार चित्रं शोधली. तिथे 'कृपया' होतं, 'धन्यवाद' होतं, 'मला मदत हवी आहे' होतं. रागावण्यासारखं एकच सापडलं. तिने ते दाबलं, पुन्हा दाबलं, दाबतच राहिली. "मला दुखतंय. मला दुखतंय. मला दुखतंय."

मी घाबरले. मुलीचा चेहरा लालभडक, डोळ्यांत पाणी. तिला आजारी मुलांच्या खोलीत नेलं, कपाळावर ओली पट्टी ठेवली, आईला फोन लावला. आई नुकतीच घरी पोचलेली, ती तशीच उलट्या पावली निघाली. ती धापा टाकत आली तोवर मुलीने शांतपणे तीन शब्द जुळवून ठेवले होते. आई दिसताच तिने बोट टेकलं. "ससा. कान. खोटारडी."

आईने माझ्याकडे पाहिलं, मी कपाळावरची ओली पट्टी काढली, आणि तिथे उभ्या असलेल्या शेजारणीचा चेहरा पाहून कान कसा तुटला ते आम्हाला विचारावं लागलं नाही. तो चावून बघितला होता. स्ट्रॉबेरीचा वास होता म्हणे.

दुसऱ्या दिवशी मराठीच्या तासाला मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, "आज आपण भांडायला शिकू."

मुलांना हा सापळा वाटला. खात्री पटल्यावर मात्र हात असे वर झाले की गणिताच्या बाईंना हेवा वाटावा. भांडताना लगेच हाताशी काय लागतं ते मी फळ्यावर लिहीत गेले. खोटारडी. माझं दे. तुला काय करायचंय. चल हट. कायकू. हौ. नक्को. मागच्या बाकावरच्या एकाने एक शब्द सुचवला, तो मला ऐकू आला नाही असं मी ठरवलं. मग तिचं बोट फिरायला लागलं आणि सगळे थांबले. मशीन म्हणालं, "आगाऊ."

हा शब्द थेट पुण्याहून आलेला. आमच्या मुलांनी तो उचलून धरला. पुढचा आठवडाभर वर्गात प्रत्येकजण आगाऊ होता, मीही.

प्रश्न एवढाच होता की हे शब्द मशीनमध्ये जाणार कसे. त्याचं कुलूप आईकडे होतं. शाळा सुटल्यावर मी फाटकाशी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि खाली बघत म्हणाली, "मॅडम, एकेक शब्द मी बसून घातलाय. चित्रं शोधून, ती नीट कापून. सगळ्यात पहिला 'धन्यवाद' घातला. लोक आधीच तिच्याकडे वेगळं बघतात हो. त्यात ती उद्धट वाटली तर?"

"अहो, दहा वर्षांची मुलगी उद्धट वाटली तर लोक काय म्हणतील? दहा वर्षांची मुलगी आहे म्हणतील."

तिने मुलीची वेणी सारखी केली. मग म्हणाली, "आणि ते नक्को? ते मराठी तरी आहे का?"

"हैदराबादी आहे. इथेच राहायचंय ना तिला."

"पण आमच्या घरात कुणी असं..."

"मी इथे आहे," मशीन म्हणालं.

आम्ही दोघींनी खाली बघितलं. आमचं सगळं बोलणं तिच्या डोक्यावरून चाललं होतं, अगदी शब्दशः. आईने एक सुस्कारा टाकला, तिथेच पायरीवर बसली, टॅब मुलीचं बोट पोचेल असा मांडीवर घेतला आणि कुलूप उघडलं. मुलीने आईला एकेक शब्द सांगायला सुरुवात केली. भांडणाचं वेगळं पान झालं, लाल रंगाचं. 'कृपया' त्या पानावर नको असं तिने आवर्जून सांगितलं.

एक अडचण राहिली. मशीनमधल्या बाईंना 'नक्को' म्हणता येईना. त्या 'न' म्हणत, थांबत, मग 'को' म्हणत, जसं काही एखाद्या जपानी गावाचं नाव आहे. शेजारणीला ते सहन झालं नाही. सशाच्या कानाची भरपाई म्हणून तिने आपला आवाज देऊ केला. आईने कुलूप आता उघडंच ठेवलं होतं, तेव्हा मोकळ्या वेळेत दोघी रेकॉर्ड करायला बसल्या आणि त्या चौकटीत शेजारणीचा 'नक्को' गेला, मिरचीच्या दुकानातला, शेवटी झटका असलेला.

रात्रीच्या जेवणाच्या वेळी आईचा फोन आला.

"मॅडम, आज भोपळ्याची भाजी केली होती. वाढली. आणि मशीनमधून तुमच्या त्या मुलीचा आवाज. मी दचकून मागे बघितलं, मला वाटलं ती घरात आलीय. मी म्हटलं, भोपळा चांगला असतो, खायचा. पुन्हा तेच. नक्को." ती जरा थांबली. "इतकी वर्षं मी भोपळा करतेय. तिने मला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. तिला आवडत नाही हे मला माहीतच नव्हतं."

फोनवर काही वेळ नुसता भांड्यांचा आवाज येत राहिला. ती रडतेय की हसतेय ते मला कळेना. माझा आता थांबायचा सराव झाला होता, म्हणून मी थांबले.

"मग?" मी शेवटी विचारलं.

"मग काय. तिच्या बाबांनी दोन वाट्या खाल्ला."

संक्रांतीच्या सुट्टीआधी आमच्याकडे कथाकथनाची स्पर्धा असते. प्रत्येकाला तीन मिनिटं, आणि एक निवृत्त मुख्याध्यापक परीक्षक म्हणून घंटी घेऊन बसतात. मुलं बहुतेक पाठ केलेल्या गोष्टी सांगतात. सिंह, उंदीर, लबाड कोल्हा. हिने नाव दिलं आणि गोष्ट आपली स्वतःची असेल म्हणून कळवलं. घरी बसून तिने ती तुकड्या-तुकड्यांनी टॅबमध्ये भरली. एक तुकडा दाबायचा, लोकांचं हसू थांबू द्यायचं, मग दुसरा. शेवट काय आहे ते तिने आईलाही सांगितलं नाही, मला नाही, शेजारणीला तर नाहीच. शेजारीण त्या दुःखाने अर्धी झाली होती.

स्पर्धेच्या दिवशी सभागृहात पालक, आज्या, धाकटी भावंडं अशी दाटी. तिची खुर्ची मंचापुढे आणली, टॅबला माइक लावला. बातम्यांचा आवाज सुरू झाला.

"रोज आई आणि मी मेट्रोच्या लिफ्टने वर जातो. एकदा लिफ्टमध्ये एक काका होते. ते माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी आईला विचारलं, हिला कळतं का?"

सभागृहात कुणीतरी "अरेरे" केलं. तिने ते संपू दिलं.

"आई काही बोलली नाही. मी उत्तर द्यायचं ठरवलं. पण मला वेळ लागतो. मी टाइप करत होते. लिफ्ट वर पोचली. मी टाइप करत होते. दार उघडलं. काका निघून गेले. मी टाइप करत होते."

आता लोक हसायला लागले होते. तीही हसत होती आणि त्यामुळे बोट भोकात नीट बसत नव्हतं.

"आम्ही बाहेर पडायच्या आधीच एक आजी आत आल्या. हातात वांग्यांची पिशवी. त्यांचा काही संबंध नव्हता. तेवढ्यात माझं उत्तर तयार झालं. मशीन त्यांना मोठ्याने म्हणालं, तुम्हाला कळतं का?"

सभागृह कोसळलं. पहिल्या रांगेतल्या एका आजींनी पदर तोंडाला लावला. परीक्षक सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. आईकडे पाहिलं तर ती मान खाली घालून गदगदत होती, कारण तो प्रसंग तिने पाहिलेला होता.

हसू ओसरल्यावर मुलीने पुढचा तुकडा दाबला. "आजी म्हणाल्या," आणि पडदा काळा झाला.

बॅटरी संपली होती. आईने सकाळी भरून आणली होती, पण डब्याच्या सुट्टीत शेजारणीने सगळ्या वर्गाला रांगेत उभं करून प्रत्येकाचा 'हौ' रेकॉर्ड केला होता. त्यातला कुणाचा सगळ्यात चांगला, ते ठरवायला ते 'हौ' पुन्हा पुन्हा ऐकलेही होते.

खुर्चीच्या मागच्या खिशात अशा वेळेसाठी एक अक्षरांचा तक्ता असतो, प्लास्टिकच्या वेष्टनातला. मी तो काढेपर्यंत शेजारीण मंचापुढे पोचली. ती तक्त्यावर ओळीमागून ओळ बोट फिरवणार, बरोबर अक्षर आलं की ही "हं" करणार, असं त्यांचं ठरलेलं तंत्र. एरवी दुपारच्या सुट्टीत त्या दोघी यावर वाटेल ते बोलत असत. शेकडो माणसांपुढे पहिल्यांदाच.

"न," शेजारीण मोठ्याने म्हणाली. "ना." मग तिला राहवेना. "नालायक?"

मुलीने तिच्याकडे असं पाहिलं की लाल पानाची गरजच पडली नाही. सभागृहातून मागच्या बाकावरचा तोच मुलगा ओरडला, "थांब की, ती बोलायली."

"नाही," शेजारीण वाचत गेली. "नाही... गं... बाई." सभागृहात कुणी हलेना. एक तान्हं मूल रडायला लागलं, त्याला बाहेर नेलं. परीक्षक सरांचा हात घंटीवर होता आणि तिथेच राहिला होता. "मी... पहिल्यांदाच... आले." हशा पिकायला लागला, पण तिने मान हलवली, अजून आहे. "मि." शेजारणीचे ओठ हलले, मला खात्री आहे तिथे मिरची येत होती, पण तिने गिळली. "मियापूरला... कुठून... जायचं?"

त्यानंतरचा हशा किती वेळ चालला ते सांगता येणार नाही. तो संपल्यावरही ती "हं" करत राहिली, आणि शेजारणीने तिच्या सांगण्यावरून शेवटचं वाक्य वाचलं. आजींना मायलेकींनी आपल्याच गाडीत बसवून नेलं, आणि या दोघी उतरताना आजींनी तिला एक वांगं दिलं.

तिचा दुसरा नंबर आला. पहिला एका मुलाला मिळाला, त्याचा लबाड कोल्हा वेळेत संपला होता.

समोसे वाटणं सुरू झालं तेव्हा तिची खुर्ची कोपऱ्यातल्या प्लगपाशी होती, टॅब तारेला टांगलेला. परीक्षक सर कौतुक करायला तिकडे गेले. मी आणि तिची आई पाठोपाठ.

मशीन म्हणालं, "दुसरा का?"

सर जरा चपापले. "वेळ जास्त झाला ना, बेटा. तीन मिनिटांचा नियम आहे."

तिने जुळवाजुळव केली. "नियम कोणी केला?"

"मीच. फार वर्षांपूर्वी."

तिचं बोट सरळ लाल पानावर गेलं. "चल हट."

आईने डोळे मिटून घेतले. या शाळेत त्यांच्याशी असं कुणी बोललं असेल असं मला वाटत नाही, त्यांच्या उमेदीच्या काळात तर नक्कीच नाही. मग त्यांनी शेजारची एक घडीची खुर्ची ओढली, समोशाची बशी मांडीवर घेतली आणि बसले.

"बरं," ते म्हणाले. "मग कसा असायला हवा नियम, सांग."

तिने अक्षरांचं पान उघडलं. तार आखूड होती, म्हणून तिला एका बाजूला कलून टाइप करावं लागत होतं, आणि सर त्याच बाजूला कलून बसले होते, पडद्यात न डोकावता. काम लांबणार हे दिसत होतं. मी आईला चहाच्या टेबलापाशी घेऊन गेले. चहा पिताना तिची नजर कोपऱ्याकडेच होती.

"आता काय म्हणेल हो ती?" मी विचारलं.

"मला काय माहीत," आई म्हणाली, आणि तिने आणखी एक समोसा घेतला.